धूर धुणारा खंडोजी

खंडोजीबद्दल चांगलं सांगायला मला कुणी बसवू नये. सांगताना अजून पोटात दुखतं. पण त्याची हकीकत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, तेव्हा मलाच सांगणं भाग आहे.

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे आमचं टॉकीज होतं. तिथला जनरेटरवाला मी, हंबीरराव. करंट गेला की पडदा काळा व्हायचा, शिट्ट्या सुरू व्हायच्या, आणि मी मागच्या खोलीतलं डिझेल इंजिन सुरू करायचो. हँडल फिरवायचं, इंजिन धडधडलं की लगेच मोठा स्विच ओढायचा. सगळा भार एकदम! अर्ध्या मिनिटात पडदा उजळायचा आणि आतून टाळ्या पडायच्या. बारा वर्षं त्या टाळ्या माझ्या होत्या. धुराड्यातून डांबरासारखा काळा धूर निघून मागच्या गल्लीत उतरायचा. इंजिन म्हटलं की धूर आलाच, असं मी सगळ्यांना ऐकवायचो.

त्याच गल्लीत, इंजिनखोलीच्या भिंतीला लागून, माझंही घर होतं. माझी बायको शालन, तिला दमा. दोरीवरची लुगडी काळी, वाळवणावर काजळी. ती म्हणायची, "अहो, त्या धुराचं काही करा ना." मी म्हणायचो, "करतो करतो." सहा वर्षं म्हणत होतो.

चौसष्ट साली मालकांनी माझ्या हाताखाली खंडोजीला आणलं. जवळच्या आनेकल गावचा माणूस, तिशी ओलांडलेला. अंगानं काडी, कान मात्र सुपाएवढे. रोज बसनं यायचा. त्याचा बाप रेशमाच्या कारखान्यात भट्टीपाशी राबून छाती भरून गेलेला. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी न विचारता. भारी देवभोळा. नवरात्रात नऊ दिवस एकभुक्त, पायात चप्पल नाही. मला वाटलं, बरा सापडला, सांगू ते ऐकेल.

कसलं काय! तिसऱ्या दिवशी त्यानं धुराड्याच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. काळं झालेलं फडकं भिंतीला टांगलं आणि खाली खडूनं तारीख लिहिली.

"हे काय रे?"

"हंबीरअण्णा, हे सगळं न जळलेलं डिझेल आहे. स्वल्प थांबून भार टाकला तर एवढं होणार नाही."

स्वल्प थांबून! बारा वर्षं इंजिन चालवणाऱ्याला हा शिकवणार! पण मालक रत्नाकर शेट्टी मागे उभे होते. ते म्हणाले, "सरी, बरंय, करून बघ." झालं. त्या दिवसापासून इंजिन दोन मिनिटं रिकामं फिरायचं, मग दिवे, मग पंखे, असा एकेक भार चढायचा. लोक शिट्ट्या मारायचे, टाळ्या गेल्या. मला तर कुणीतरी ताटातलं उचलून नेल्यासारखं वाटलं. पुढं त्यानं डिझेलचा फवारा मारणारी तोंडं उघडून घासली, हवेची जाळी बदलली. भिंतीवरची फडकी काळ्याची करडी होत गेली. रोज आत शिरलं की ती ओळ आधी दिसायची. मला ती फाडून टाकावीशी वाटायची.

त्याचं समाधान कुठं होतंय! त्यानं डांबराचं रिकामं पिंप आणलं. त्यात फुटकी कौलं भरली, वर नारळाच्या काथ्याचा थर दिला. छपरावरच्या टाकीतून पाणी त्यावर ठिबकत ठेवायचं आणि इंजिनाचा धूर खालून त्यातून सोडायचा. काजळी पाण्याबरोबर तळाला बसायची, वरून निघायची ती फिकट वाफ. सकाळी पिंपाच्या तळाची तोटी उघडली की शाईसारखं पाणी खड्ड्यात जायचं. टाकीच्या नळाला त्यानं दांडाच ठेवला नव्हता, पोरंटोरं उघडतील म्हणून. एक चौकोनी चावी होती, तिनंच तो फिरायचा. ती चावी खिळ्याला टांगलेली असे.

गल्ली वेडीच झाली त्याच्यामागे. या घरातून आंबोळ्या, त्या घरातून ताक. आमच्या घरीही तेच. "आज खंडोजी अण्णांमुळे रात्री झोप लागली हो," शालन म्हणायची. तिचा खोकला कमी झाला होता. नवऱ्यानं आनंद मानायला हवा की नाही? मी घास टाकून उठायचो.

त्यात मालकांनी जाहीर केलं, दसऱ्याला मुख्य मिस्त्री नेमणार. मुख्य मिस्त्र्याला पुढच्या अंगाला दोन खोल्यांची जागा, गल्लीपासून लांब, उजेडाची, वाऱ्याची. बारा वर्षं मी त्या खोल्यांकडे बघत आलो होतो. आणि आता सगळे त्या सुपकान्याकडे बघत होते. मी खस्ता खाल्ल्या आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

दसऱ्याला आठ दिवस असतील. भिंतीवर नवं फडकं लागलं, जवळजवळ पांढरं. सहज हात लावला आणि थिजलो. कडेला हिरवी किनार, मधे मोराचा ठिपका. ते शालनच्या जुन्या लुगड्याचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बायकोचं लुगडं या माणसाच्या हातात कसं? घरी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, खरं सांगतो. भलतंच उत्तर आलं तर काय, अशी भीती वाटली.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा. सगळे पाने, पक्कडी, हातोडे धुऊन देवीपुढे मांडायचे, हळदकुंकू, झेंडू वाहायचा. इंजिनाला केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मालक या बाबतीत फार कडक. इंजिन लागलं तर चालवा, देवीची हरकत नाही, पण पूजेतलं हत्यार उचललं तर वर्षभर साडेसाती, असं त्यांचं म्हणणं.

खंडोजीनं दुपारीच नळ उघडून ठेवला, चावी खिळ्याला अडकवली आणि तो आंघोळीला गेला. खोलीत मी एकटा. मी चावी काढली. नळ घट्ट बंद केला, तळाची तोटी सोडून पिंप रिकामं केलं. आणि चावी धुऊन, पुसून, कुंकू लावून देवीपुढे हत्यारांच्या मधोमध ठेवली. खंडोजी ती मरेपर्यंत उचलणार नाही, याची मला खात्री होती. संध्याकाळी करंट जाईल, मालकांसमोर पिंपाचा फज्जा उडेल, एवढंच माझ्या मनात होतं.

पूजा झाली. मालकांनी आरती घेतली. सणाचा खेळ, टॉकीज गच्च भरलेलं. साडेसहाला करंट गेला.

खंडोजीनं हँडल मारलं. इंजिन लागलं, भार चढला आणि कोरड्या पिंपातला काथ्या तापून धुमसायला लागला. डिझेलचा परवडला असता असा पिवळाकाळा धूर गल्लीत घुसला. खंडोजी धावत नळाशी गेला, मग खिळ्याशी, मग त्याला चावी दिसली. देवीच्या पायाशी, झेंडूखाली. तो नुसता बघत राहिला.

"पूजेतलं हत्यार उचलत नाहीत, खंडोजी," मी म्हणालो.

"इंजिन बंद करतो."

"आत आठशे माणसं आहेत. अंधारात चेंगराचेंगरी झाली तर?" हे मालक दारातून ओरडले. "बंद नको!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. सुका, ओढून काढल्यासारखा. नंतर शिट्टीसारखा श्वास. सहा वर्षं रात्री शेजारी ऐकलेला खोकला, तो मी ओळखणार नाही? मी ओळखला. चावी माझ्यापासून दोन हातांवर होती. आणि मी जागचा हललो नाही.

खंडोजी अनवाणी पुढे झाला. वाकून नमस्कार केला, "आई, माफ कर," म्हणाला आणि चावी उचलली. झेंडू खाली सांडला. नळ उघडला, तोटी बंद केली. पाणी चरचरत काथ्यावर पडलं आणि धूर हळूहळू बसला.

मालकांनी त्याला तिथंच कामावरून काढलं. देवीचा अपमान माझ्या छपराखाली चालणार नाही, म्हणाले. खंडोजीनं एकदा माझ्याकडे बघितलं. चावीला कुंकू कुणी लावलं ते त्याला कळलं असणार, पण तो बोलला नाही. जाता जाता एवढंच म्हणाला, "हंबीरअण्णा, काथ्या बदला. शालनअक्कांना जपा." आनेकलची बस पकडून गेला तो गेलाच. पुढं तिकडं एका प्रसूतिगृहात जनरेटरवर लागला, तिथंही पिंप बसवलं म्हणे. मेला बसवणारच!

दसऱ्याला मी मुख्य मिस्त्री झालो. सामान हलवताना शालन भांडी बांधत होती. म्हणाली, "ती चावी पूजेत तुम्ही ठेवलीत ना?"

मी ट्रंकेची कडी लावत राहिलो.

"खंडोजी अण्णांना फडकं मीच दिलं होतं. रात्रभर उशाशी ठेवलेलं. म्हटलं, बघा, झोपेत माझ्या छातीत आता केवढंसं जातं ते. तुम्हाला सहा वर्षं सांगितलं. त्यांना एकदा." तिनं गाठ मारली आणि बोचकं माझ्या हातात दिलं.

आता लांबलांबचे टॉकीजवाले पिंप बघायला येतात. कुणी केलं, विचारतात. खंडोजीनं, असं मी सांगतो, आणि सांगताना आजही जळतो. पिंपासाठी नव्हे. ती चावी उचलायचा हक्क माझा होता, आणि उचलली त्यानं.

दर खंडेनवमीला मी हत्यारं मांडतो. शालन येते, एरवी कधी इंजिनखोलीत पाय ठेवत नाही. खिळ्यावरची चावी स्वतः काढते आणि आरती संपेपर्यंत मुठीत घट्ट धरून उभी राहते. माझ्या हाती देत नाही.