इंजिनाच्या नाकाला कुंकू

आज खंडेनवमी. दुबईत, अल मनखूलला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सुनेनं गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं. मुलगा म्हणाला, "यल्ला, चला बाबा, नारळ फोडा, ऑफिसला उशीर होतोय." त्या गुळगुळीत पत्र्यावर लाल बोट उमटलेलं बघून मला आमची रेल्वेची शेड आठवली.

मी तिथं फिटर होतो. अमेरिकेहून आलेलं वाफेचं इंजिन होतं आमच्याकडे. नाक बंदुकीच्या गोळीसारखं पुढं आलेलं, त्यावर रंगवलेली चांदणी, आणि पाइप सगळे पत्र्याखाली झाकलेले. आम्ही त्या पत्र्याला शिव्या द्यायचो, तो काढल्याशिवाय आत हात जायचा नाही. पण खंडेनवमीच्या पूजेला आलेली माझी बायको बघतच राहिली.

"अगं बाई, किती देखणं! तुमच्यापेक्षा याचंच नाक बरं."

सगळी शेड हसली. तिला त्या चांदणीला कुंकू लावायचं होतं, पण हात पुरेना.

"उचला की मला," ती म्हणाली.

चार माणसांत बायकोला कसं उचलायचं? लाज वाटली. तिच्या हातातला करंडा घेतला आणि शिडीवर चढून मीच कुंकू लावलं. तिनं खाली रिकामा हात पदराला पुसला.

गेल्या वर्षी ती गेली. आजारपणात रोज उचलून तिला बाथरूमला न्यायचो. अंगात वजन म्हणून राहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी ती कण्हायची. त्या दिवशी शेडमध्ये उचललं असतं, तर हसली असती.