पिकअपमधला ठोका

तुमच्यातले निम्मे हसतील, ठाऊक आहे. मीही हसायचो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्मांतराच्या वेळी देव्हाऱ्यासकट भूतखेत, अंगात येणं सगळं घराबाहेर काढलं, ते आजतागायत आत आलेलं नाही. माझ्या गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा कधी लागली नाही. तरी हे लिहितोय... कारण घरात कुणाला सांगायची सोय नाही.

मी कान्हे गावचा. एक जुनी डिझेल पिकअप आहे. पवन मावळातल्या पॉलीहाऊसमधले गुलाब तिच्यात भरायचे आणि लोणावळ्याच्या हॉटेलांना पोचवायचे, हा धंदा. बरोबर बायको, शैला. ती मात्र केबिनमध्ये कधीच नाही — पुढं बसली की तिला गाडी लागायची, कामशेत यायच्या आत ओकाऱ्या! मागं हौद्यात फुलांच्या खोक्यांना टेकून बसली की एकदम खूश.

"पडशील एखाद्या दिवशी," मी खेकसायचो.

"तुमी म्होरं बघा," ती म्हणायची.

मार्चात ती गेली. साधी कावीळ, साधी कावीळ म्हणता म्हणता गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो तिनं.

त्यानंतर महिनाभरात गाडी आवाज करायला लागली. टक... मग जरा वेळानं टक-टक. तेही रस्त्याला लागल्यावरच. दारात उभी करून रेस दिली तर चिडीचूप. मी आधीच मोडलेला, त्यात गाडीनंही आत्ताच नाटकं करावीत!

कामशेतच्या सलीम मिस्त्रीकडं नेली. त्यानं टॅपेट जुळवले, इंजेक्टर काढून पाहिले, इंजिनाखालची रबरं बदलली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकत बसला.

"भाऊ, मशीन खणखणीत हाय. आवाज इंजनातनं येतच न्हाई."

"मग काय माझ्या डोक्यातनं येतो का?" मी डाफरलो. तो बिचारा म्हणाला, चला, एक ट्रायल मारू.

भर दुपारी जुन्या हायवेला लागलो. सलीम शेजारी. कार्ला फाट्याच्या अलीकडं आवाज आला — टक. आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर! गाडी कडेला उभी.

"का थांबला भाऊ?"

 पायाला जे कळलं होतं ते डोक्यात शिरतच नव्हतं. इतक्यात वर, केबिनच्या टपावर — टक-टक. आणि माझ्या हातानं गिअर टाकलासुद्धा.

एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पिकअपच्या मागं बसणारं कुणीही ड्रायव्हरला असंच सांगतं. फक्त बाकीचे हाताचा पंजा आपटतात. शैला बोट दुमडून वाजवायची, दार वाजवल्यासारखी.

सलीमनं उतरून मागं बघितलं. रिकामी खोकी, दुसरं काही नाही. परत बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. "आईशप्पथ भाऊ, मीबी ऐकलं."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून भोकाड पसरलं. भर रस्त्यात. लाज नाही वाटली. आणि मग... बरं वाटायला लागलं. दुरुस्ती बंद केली. सगळा पावसाळा ती माझ्याबरोबर होती. ठोका पडला की थांबायचो, दोन पडले की निघायचो. कुठं थांबवेल त्याचा नेम नाही — कधी कणसंवाल्या मावशीपाशी, कधी नुसत्याच मोकळ्या रस्त्यावर. मी बोलायचोसुद्धा. "शैले, ताडपत्री ओढून घे गं, भिजशील." वेड लागलं म्हणा हवं तर. मला ते वेड चालत होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी माल घेऊन निघालो होतो. वाकसईच्या पुढं एक ठोका पडला. थांबलो. शेजारी बंद पडलेलं पंक्चरचं दुकान, कुंपण घातलेला प्लॉट, बस. इंजिन चालू ठेवून बसलो.

पुढचे दोन ठोके येईनात.

उतरलो. मागं खोकी होती तशी होती. "शैले, चल की गं," म्हटलं. परत येऊन बसलो. हॉटेलवाल्याचे फोनवर फोन. ऊन चढलं, फुलं मान टाकायला लागली. मागं एक ट्रक अडकला, त्यानं हॉर्न मारून मारून शेवटी शिवी हासडली. तेव्हा निघालो. तिनं सांगितल्याशिवाय पहिल्यांदाच निघालो.

तेव्हापासून गाडी गप्प आहे. सलीम म्हणतो, इंजिन नव्यासारखं चाललंय. मी अजून जातायेता त्या जागी थांबतो, काच खाली करून बसतो, मग पुढं जातो.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. मनाचे खेळ म्हणाल, तर सलीमनं कसं ऐकलं? पण ते राहू द्या. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर मला एवढंच सांगा — ती तिथं का उतरली? तिथं आमचं कुणीच नाही हो.