आपांचा आवाज साफ करताना

फोनवर ‘नसीम आपा’ असं नाव दिसलं, म्हणून मी लातूरच्या बसस्टँडवरच्या गर्दीतून बाजूला झाले. पण पलीकडून पुरुषाचा आवाज आला. “बेटा, मी यूसुफ, आपाचा भाऊ. आपा सकाळी गेली…” या गोष्टीला आता काही आठवडे झाले. नंबर अजून माझ्या फोनमध्ये त्याच नावानं आहे.

आपांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्या नांदेडच्या, मी किल्लारीची. बी.ए. झाल्यावर एका इंटरनेट रेडिओवर मला इंटर्नशिप मिळाली, घरी बसून करायची. जुनी गाणी आणि गावोगावचे गाणारे-वाजवणारे यांच्यावर आपा एक कार्यक्रम करायच्या, तोही नांदेडच्या आपल्या घरातून. त्यांनी रेकॉर्ड करून पाठवलेलं मी लॅपटॉपवर साफ करायचं, कापायचं, जोडायचं. रेडिओ म्हणजे बोलायचं काम, असं मला वाटायचं. पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या, “आधी नुसतं ऐक. बोलायला काय, सगळ्यांनाच येतं.”

लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बिलोलीच्या गंगारामकाकांची मुलाखत त्यांनी मला फोनवरून घ्यायला लावली. तुमच्या जोडीला कोण वाजवतं, असं मी विचारलं तेव्हा काका बोलता बोलता थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “आता जोडी न्हाई, बाई.” मी मधली ती सगळी रिकामी जागा कापली आणि नीटनेटकी मुलाखत पाठवून दिली. थोड्याच वेळात आपांचा फोन. “काका गप बसले होते, ते कुठं गेलं?” मी म्हटलं, “आपा, त्यात काहीच नव्हतं.” “त्यातच तर सगळं हाय, बेटा. परत लाव.” रागावल्या नव्हत्या. मी परत लावलं आणि ऐकलं, तेव्हा त्या गप्प बसण्यात काकांचा मेलेला जोडीदार मला पहिल्यांदा ऐकू आला.

थंडीच्या दिवसांत आपांच्या आवाजात फरक पडू लागला. वाक्यं आखूड झाली. शब्दाच्या मध्येच श्वास येऊ लागला, पाठोपाठ खोकला. त्यांचा आवाज रोज कानाशी घेऊन बसणारी मीच होते, म्हणून मला कळलं. विचारलं तर म्हणाल्या, “जरा दम लागून राहिला. तू काप ना.” मी कापत राहिले. कार्यक्रमात आपा पूर्वीसारख्याच ठणठणीत बोलायच्या. कुणा श्रोत्यानं लिहिलं होतं, तुमचा आवाज अजून तसाच ताजा आहे. ते मला वाचून दाखवताना त्यांना हसू आलं, आणि हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, “फुफ्फुसाचं हाय. घरात यूसुफला माहीत हाय, आता तुला. तू तर डॉक्टरच्या आधीच ऐकलं असशील.” त्यांनीच विषय बदलला, पुढच्या गाण्याचं काय ते विचारलं…

मग एक दिवस त्या म्हणाल्या, “अर्धं मी बोलते, अर्धं तू बोल.” मी घाबरले. पुण्यामुंबईचे निवेदक बोलतात तसं घोटून घोटून बोलले आणि पाठवलं. आपांनी लगेच फोन केला. “हे कोण बोलून राहिलं? मला किल्लारीची पोरगी पाहिजे.” मी पुन्हा बोलले, घरात आईशी बोलते तशी. त्यांनी ते न कापता लावलं. पुढं पुढं त्यांची वाक्यं कमी होत गेली आणि माझी वाढत गेली. शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी फक्त गाण्याचं नाव सांगितलं. येत्या रविवारी नांदेडला येते, असं मी कळवलं होतं. “ये. येताना शेतातला हरभरा आण, यूसुफला आवडतो,” एवढंच त्या बोलल्या. रविवार उजाडायच्या आधीच त्या गेल्या.

मी गेले ती नंतर. यूसुफभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान खाली, घर वर. आपांच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना रजया टांगलेल्या. मी त्यांच्या खुर्चीवर बसले नाही, खाली सतरंजीवर बसले. भाभींनी चहा आणला. थोडं आपांविषयी, थोडं माझ्या घरच्यांविषयी बोलणं झालं. दुपारची नमाज आटोपून यूसुफभाई आत आले, त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, खिडकी लावली. भाभीही बोलता बोलता गप्प झाल्या. स्वयंपाकघरातला नळ कुणीतरी बंद केला. मला कळेना. पंखा हळूहळू थांबला, खोली तापू लागली. तेव्हा उमगलं, ही आपांच्या रेकॉर्डिंगची वेळ.

भाभी हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, पाहुणी बसलीय. पंखा लावा.”

यूसुफभाईंनी बटणाकडं पाहिलं. “हाव,” म्हणाले, आणि तसेच दाराशी उभे राहिले.