बरं शे

आर्जव या शब्दाने संस्कृतातून मराठीत येताना आपला स्वभावच बदलला. मूळ अर्थ ऋजुता, म्हणजे मनाचा आणि वाणीचा सरळपणा. मराठीत मात्र तो विनवणीचा शब्द झाला. सरळ माणसाला पुष्कळदा हात जोडून उभे राहावे लागते, हे पाहूनच भाषेने तसे केले असावे. धुळ्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात मलमपट्टीचे काम करणाऱ्या कौतिकभाऊंच्या ठायी हे दोन्ही अर्थ एका सकाळी एकत्र आले.

सन १९५६ मध्ये तेथील शल्यचिकित्सक डॉक्टर रतिलाल पायांच्या फुगलेल्या शिरांचा अभ्यास करीत होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यात दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या उमटत. पुढे घोट्याच्या वर जखम होई आणि ती वर्षानुवर्षे वाहत राही. डॉक्टरांनी चाळीस रोग्यांची शीर जांघेत चिरून बांधली. दुसऱ्या चाळिसांच्या शिरेत, ती आतून चिकटून बंद व्हावी म्हणून, औषध टोचले. शस्त्रक्रिया झालेल्यांना दर महिन्याला ते स्वतः रुग्णालयात तपासत. टोचलेल्यांच्या गावी जाऊन विचारपूस करण्याचे काम कौतिकभाऊंकडे होते. दीड वर्षाने वही मिटली तेव्हा पहिल्या चाळिसांत चोवीस बरे होते, दुसऱ्यांत एकतीस. सुरीपेक्षा सुई श्रेष्ठ ठरली. मुंबईच्या परिषदेत निबंध वाचायचा ठरला आणि पुढच्या सर्व रोग्यांना सुईच द्यायची, हेही ठरले.

निबंधासोबत एका बऱ्या झालेल्या पायाचे छायाचित्र हवे होते. कौतिकभाऊंनी वही चाळून दोंडाईच्याच्या बेबाबाईंचे नाव काढले आणि त्यांना आणायला एस.टी.ने निघाले. नावापुढे त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात तीनदा लिहिलेले होते : बरा.

बेबाबाईंनी घोंगडी अंथरली, चहा ठेवला. भाऊ असे अवचित कसे आले, डॉक्टरांनी हाकलले की काय, अशी थट्टाही केली. कौतिकभाऊ हसत होते, आणि हसता हसता थांबले. वीस वर्षे जखमा धुतलेल्या माणसाच्या नाकाला एक वास ओळखू येतो. बाई चुलीपुढून उठल्या तेव्हा लुगड्याच्या काठाखाली घोट्याला गुंडाळलेली चिंधी दिसली.

त्यांनी ती सोडायला सांगितली. बाई आढेवेढे घेऊ लागल्या. घरात सासरे, आबा, होते. कौतिकभाऊंनी आबांना हात जोडून बाहेर बसवले आणि स्वतः चिंधी सोडली. आत तळहाताएवढी जखम होती, पिवळी, ओली. वर पोटरीवर शीर पूर्वीसारखीच टम्म फुगलेली. कौतिकभाऊंच्या हातातली चिंधी हातातच राहिली.

"अक्का, तीनदा आलो. तीनदा तुम्ही बरं शे म्हणालात."

बेबाबाईंना या प्रश्नाचेच नवल वाटले.

"तुमी माले इचारं, भाऊ. पायले कोठे इचारं?" मग काहीशा ओशाळून म्हणाल्या, "ज्यानी एवढी माया करी, त्याले बरं नही शे असं कसं सांगानं?"

कौतिकभाऊ जन्माने खानदेशीच. दारी आलेल्याने क्षेम विचारले की घरात आजारी माणूस असला तरी 'बरं शे', बरं आहे, असेच म्हणायचे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ते स्वतः रोज तसेच म्हणत. आणि तोच शिष्टाचार त्यांनी दीड वर्ष वहीत रोगमुक्ती म्हणून उतरवला होता. न्यायशास्त्राचे पंडित ज्याला प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, म्हणतात ते वितीवर होते, आणि त्यांनी शब्दावर भागवले होते. परक्याच्या घरी बाईमाणसाला पाय दाखव कसे म्हणायचे, हा संकोच खरा होता. पण पुरुषांचेही पाय त्यांनी कुठे पाहिले होते?

परिषदेला अकरा दिवस होते. कौतिकभाऊंनी रजा मागितली, कारण सांगितले नाही, आणि एकतीसच्या एकतीस घरे पुन्हा गाठली. अमळनेरला एकाने धोतर वर करायला साफ नकार दिला, तेव्हा ते त्याच्या उंबऱ्यातच ठाण मांडून बसले. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी नवी वही डॉक्टरांपुढे ठेवली. एकतीसपैकी बरे पाय बाराच होते.

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली.

"यातला प्रत्येक पाय तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?"

"आता पाहिला, साहेब."

"आणि आधी?"

"आधी माणसं पाहिली."

कौतिकभाऊंनी हात जोडले. "मला कामावरून काढा. पण हे मुंबईत वाचू नका. उद्यापासून सगळ्यांना सुईच द्याल, आणि तेही बरं शे म्हणतील."

डॉक्टरांनी टेबलावरचा टंकलिखित निबंध उचलला, मधोमध फाडला आणि परिषदेला येत नसल्याची तार लिहायला घेतली. लिहिता लिहिता एवढेच म्हणाले की पाय पाहिला का, हे त्यांनीही कधी विचारले नव्हते. कौतिकभाऊंना त्यांनी कामावरून काढले नाही. त्याच आठवड्यात बेबाबाईंची शीर बांधली गेली. जखम भरायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांतली प्रत्येक पट्टी कौतिकभाऊंनी आपल्या हाताने बदलली.

कौतिकभाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांचे छायाचित्र कुठे नाही. त्या रुग्णालयाच्या तपासणीच्या कागदावर रोग्याच्या नावानंतरचा पहिला रकाना मात्र अजून त्यांचाच आहे : पाय पाहिला.