जाहिरातींपुरती काढलेली टोपी

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होतो. दर शनिवारी लाँड्रोमॅटमध्ये कपडे धुवायला जायचो. तिथल्या टीव्हीवर पोलिसातली नोकरी सोडून खासगी डिटेक्टिव्ह झालेल्या माणसाची मालिका लागे. एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ ती न चुकता बघत. प्रेत सापडून जाहिराती लागल्या, की ते लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवत. मालिका सुरू झाली, की परत घालत. मला चौकशा करायची खोडच. एकदा विचारलं.

“एवढ्या वेळात कुणीतरी जाऊन मेलेल्याच्या आईला सांगून येतं,” ते म्हणाले. “पोलिसात असताना ते काम माझ्याकडे होतं. तिनं दार उघडायच्या आत टोपी काढायची.”

एरवी जाहिराती लागल्या, की मी ड्रायर बघायला उठायचो. त्या दिवशी बसून राहिलो.