जाळी कोणी काढली?

सहा माणसं, एक एसी आणि बाहेर भाजून काढणारं ऊन असलं की खोलीत किस्से आपोआप साठतात. एक जण सांगायला लागतो, दुसरा त्यात तिखटमीठ घालतो, तिसरा म्हणतो मी तिथेच होतो. मी नववीतून शाळा सोडलेला, चारचौघांत फारसा बोलत नाही. पण दुबईच्या पलीकडे रास अल खैमातल्या आमच्या खोलीतले कोर्टाचे किस्से मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांत तिखटमीठ घालायची गरजच नाही.

*

दत्तूदादा गुहागरचा. आम्ही एकाच टाइल्सच्या कारखान्यात, तो टाइल दाबणाऱ्या प्रेसवर, मी पॅकिंगला. प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ती नव्हती. अडकलेली टाइल काढताना दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने इलाज केला, पण भरपाईचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, जाळी यानेच काढली. चूक याची, भरपाई नाही.

ऑफिसचा माणूस अरबीत छापलेला कागद घेऊन हॉस्पिटलात आला. "साइन करो, खलास."

दादा म्हणाला, "पहले पढ़के सुनाओ."

"बाकी सब तो बिना पढ़े करते हैं."

"उनकी उंगलियां सलामत हैं."

माणूस कागद घेऊन परत गेला.

*

मग आम्ही अरबीत अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथल्या मल्याळी भाईने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, कामगाराच्या असल्या दाव्याला कोर्टाची फी लागत नाही.

दादा मला हाताला धरून बाहेर घेऊन आला. "सुन्या, हे खरं कोर्ट नसणार. आमच्या बांधाच्या केसला आजोबांपासून वकील पोसतोय आम्ही."

परत आत जाऊन त्याने विचारलं, "भाई, फी नहीं, तो फैसला असली होगा ना?"

भाईने कीबोर्डवरून मान वर केली नाही. "दरवाजे का भी पैसा नहीं लिया मैंने. अंदर तो आ गए ना? टाइप करूं?"

*

खोलीत यावर रोज वाद. शिंदेकाका आमच्यात वयाने मोठे, साताऱ्याकडचे, प्रेस सेक्शनचे फोरमन. त्यांना वेगळी खोली मिळत होती, पण आपल्या माणसांत जेवण गोड लागतं म्हणून ते आमच्यातच राहायचे. सांबार तेच करायचे.

काका म्हणायचे, "फुकट कोर्ट म्हणजे उद्या नख तुटलं तरी केस. कंपनीनं किती जणांना पुरायचं? कंपनी बसली की आपण सगळे गावाला. मग कर केस गावच्या मारुतीवर."

दादा म्हणायचा, "काका, नख तुटलेल्याला जज हाकलून देईल की. त्याच्यासाठी माझा दरवाजा का बंद करायचा?"

"आरं, पण भांडून काय मिळणार? बोटं मिळणारेत?"

"बोटांसाठी नाही जात मी. माझी चूक म्हणतात, त्यासाठी जातोय."

काका ताट घेऊन उठले. त्या दिवशी सांबार तसंच राहिलं.

*

पहिल्या तारखेला मी दादाबरोबर गेलो. कोर्टाची फरशी इतकी चकचकीत होती की त्यात आमचे चेहरे दिसत होते. टाइल्स बनवणारी माणसं आम्ही, पण बसवलेली टाइल इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. दोघांनी सेफ्टी शूज काढून दाराशी नीट लावून ठेवले आणि आत गेलो.

सिक्युरिटीवाला मागून शूज हातात घेऊन आला. "हबीबी, ये मस्जिद नहीं है."

दादा हळू आवाजात म्हणाला, "हमको क्या मालूम, इतनी शांती है."

तो हसला नाही. आम्ही शूज घालेपर्यंत दार धरून उभा राहिला. आमच्यासाठी कुणीतरी दार धरलंय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

*

पुढची तारीख मोबाइलवर होती. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. मी मोबाइल तांदळाच्या डब्यावर टेकवला. कुकर बंद केला, पंखा बंद केला. शिंदेकाका आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

स्क्रीनवर जजसाहेब आले आणि आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो.

मग दुभाषी हिंदीत म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, इनमें से दत्ताराम का बेल्ट कौन सा है? कृपया बैठ जाइए, चेहरा दिखना चाहिए."

आम्ही बसलो. जजसाहेबांनी दादाचं नाव वाचलं. दत्ताराम, मग वडिलांचं गणपत, मग आडनाव. अरबी वळणाने, पण पूर्ण. कंपनीत सगळे त्याला 'प्रेस तीन' म्हणतात. दादाचा दुखरा हात नेहमी खिशात असायचा, तो त्याने बाहेर काढून मांडीवर ठेवला.

कंपनीचा वकील बोलला. मग दुभाषी म्हणाला, "साहब पूछते हैं, जाली आपने निकाली?"

"नहीं साहब."

"फिर किसने निकाली? किसी ने देखा?"

दादाने आमच्याकडे पाहिलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. प्रेसवर त्या वेळी दादाशिवाय कामगार नव्हता.

मागे पलंग करकरला. शिंदेकाका उठले. भिंतीवरच्या आरशात पाहून त्यांनी केसांवरून कंगवा फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दादाला म्हणाले, "सरक जरा." मग मोबाइलसमोर त्याच्या शेजारी खाली बसले.

"जाली मैंने निकाली, साहब. माल जल्दी निकालने का ऊपर से ऑर्डर था."

दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. पलीकडे वकील काहीतरी बोलायला लागला. जजसाहेबांनी हाताने त्याला थांबवलं आणि काकांकडे बघत एकच गोष्ट विचारली.

दुभाषी म्हणाला, "साहब पूछते हैं, आप कंपनी में क्या हैं?"

काकांनी दादाच्या हातावर हात ठेवला.

"अभी तक तो फोरमन हूं."