न पाहिलेला किनारा

“ताई, समुद्र समोर आहे, पण किनारा कुठे आहे?”

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास युसूफभाईंचा फोन आला, तेव्हा मी शनिवार पेठेतल्या आमच्या टूर ऑफिसमध्ये एकटीच होते. प्रश्न मला कळला नाही. त्यांनी तो शांतपणे समजावून सांगितला. समोर काळ्या दगडांचा पुरुषभर उंच बंधारा होता आणि लाटा थेट त्याच्यावर आपटत होत्या. वाळू कुठेही दिसत नव्हती.

टेबलावर आमचे ब्रोशर उघडे होते. त्या गावाच्या पानावर माझेच वाक्य छापलेले होते : ‘कोकणातील सर्वांत निवांत किनारा, मऊ वाळू आणि सुरूचे बन.’ ते मी साठे सरांच्या एका जुन्या फोटोवरून लिहिले होते. साठे सर आमचे मालक.

नोकरीला लागले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. भूगोलात एम.ए. केले, पण नंतरची वर्षे घरातल्या आजारपणात गेली. हे पहिलेच ऑफिस. माझे काम आयटिनररी करण्याचे, म्हणजे प्रवासाचा दिवसवार आराखडा लिहिण्याचे. जागा आधी स्वतः जाऊन पाहण्याला या व्यवसायात रेकी म्हणतात. ती साठे सर करीत. मला कोणी पाठवले नाही आणि मला पाठवा, असे म्हणण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

युसूफभाई कसबा पेठेतले बुकबाइंडर, आता निवृत्त. त्यांच्या पत्नी नूरबानू यांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असे. त्यामुळे प्रवासाला रविवार आणि सोमवार एवढेच दोन दिवस मिळत. लग्नानंतर दोघे त्या किनाऱ्यावर गेले होते आणि आता प्रकृती साथ देते आहे तोवर तिथल्या पाण्यात एकदा पाय बुडवायचे, एवढीच नूरबानूंची इच्छा होती. त्या मोजकेच बोलत. ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

“तुम्ही बघितलाय ना हा किनारा? व्हीलचेअर जाईल पाण्यापर्यंत?”

शेजारच्या टेबलावर साठे सर बसले होते. नाही म्हणायला मी संकोचले. मी म्हणाले, “हो.”

फोन ठेवून मी होमस्टेचे मालक रमाकांत यांना विचारले. ते गडबडलेच.

“मॅडम, बंधारा घालून तीन वर्षं झाली. समुद्र वाडीपर्यंत आला होता. मी साठेसाहेबांना तेव्हाच कळवलं होतं. तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी?”

मग साठे सरांना फोन लावला. ते जेवत होते.

“अहो कुलकर्णीबाई, बंधाऱ्याचा फोटो छापला तर कोण जाईल तिथे? चौदा किलोमीटरवर दुसरा बीच आहे, तिकडे वळवा त्यांना. समुद्र सगळीकडे खाराच असतो.”

तो निरोप मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत युसूफभाईंना दिला. त्यांनी पत्नीला विचारले. पलीकडचे बोलणे मला अस्पष्ट ऐकू येत होते. मग ते म्हणाले, “नको म्हणते. तिला समुद्र नाही बघायचा, ताई. तिला तोच किनारा बघायचाय.”

एकच मार्ग उरला होता. मी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिले. त्या वेळी पूर्ण भरती होती. रात्रीच्या ओहोटीचा अंधारात उपयोग नव्हता, परंतु सोमवारी सकाळी साडेआठला पुन्हा ओहोटी होती. पाणी मागे सरले की बंधाऱ्याच्या पायथ्याशी वाळूचा पट्टा उघडा पडेल, असा माझा अंदाज होता. रमाकांत दोन माणसे आणायला तयार झाले. दोघे नूरबानूंना खुर्चीसकट दगडांवरून खाली उतरवणार होते. नऊला तिथून निघाले तर मंगळवारचे डायलिसिस चुकणार नव्हते.

सोमवारी सकाळी मी धायरीच्या घरी फोन समोर ठेवून बसले. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो वाजला.

पाणी मागे गेले होते, असे रमाकांत म्हणाले. खाली मात्र चिखल आणि शेवाळलेले दगड होते. वाळू राहिलीच नव्हती. माणसांनी खुर्ची उचलली. दुसऱ्याच दगडावर एकाचा पाय सरकला आणि नूरबानूंनी हात वर करून त्यांना थांबवले. शेवटी एक जण बादली घेऊन खाली उतरला. बंधाऱ्यावरच त्यांच्या पायांवर समुद्राचे पाणी ओतले.

“काही म्हणाल्या का त्या?” मी विचारले.

“‘बास’ म्हणाल्या. मग गाडीत बसल्या.”

बंधारा घातल्यावर त्याच्या पायथ्याची वाळू लाटा हळूहळू ओढून नेतात. किनाऱ्याची धूप हा एम.ए.ला माझा आवडता विषय होता. त्यात मला पहिला वर्ग मिळाला होता.

बुधवारी युसूफभाई ऑफिसची व्हीलचेअर परत करायला आले. साठे सर बाहेर गेले होते. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “मी तो किनारा कधीच पाहिला नव्हता. खोटं बोलले.”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “हिने विचारलं तेव्हा तुम्ही आधी ब्रोशरकडे बघितलंत.”

“मग तुम्ही का गेलात?”

“हिने नाही बघितलं ते. ती तुमच्या तोंडाकडे बघत होती.”

पुन्हा एखादा बेत आखू, असे मी सुचवले. आता डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाहीत, असे ते म्हणाले. चहा नको म्हणून ते पायऱ्या उतरून गेले.

नव्या ब्रोशरमध्ये ते पान नाही. एवढे एक मी साठे सरांकडून करवून घेतले, तेही ‘तुमच्या आग्रहाखातर’ हे तीनदा ऐकून. आता कोणी विचारले की मी प्रथम सांगते, ही जागा मी पाहिलेली नाही. पुष्कळ लोक त्यावर दुसरे ऑफिस गाठतात. सरांना हे आवडत नाही.

किनाऱ्यावरून परत आलेल्या व्हीलचेअरची चाके ब्रशने घासावी लागतात; खाचांत वाळू अडकून राहते. त्या बुधवारी युसूफभाई गेल्यावर सवयीने मी ब्रश हातात घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला. चाके स्वच्छ होती.